अस्तराखालचा बाग : एका पडद्याचं प्रकरण

फोन आला तेव्हा कात्री चालून झाली होती.

"अगं, जुना पडदा कापतेय पिशव्यांसाठी. कापला की कडेनं लांब लांब तंतू सुटतायत, टीप मारली तरी थांबेनात. कुठल्या नंबरची सुई लावू?"

ही माझी मैत्रीण जुने पडदे, पलंगपोस, सोफ्यांची कापडं विकत घेऊन त्यांच्या पिशव्या शिवते. ढिगात हात घातला की सुती कुठलं आणि टेरिकॉट कुठलं हे न बघता तिची बोटं सांगतात. मी भरतकाम करते, जुन्या कापडांची डागडुजीही करते. त्यामुळे सुईचा नंबर विचारायला तिचा फोन येणं नेहमीचंच. मी विचारलं, "त्या तंतूला पीळ आहे का?"

थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाली, "नाही गं. बोटावर घेतला की पसरतोय. पण चमकतोय."

"कात्री ठेव खाली. मी निघाले."

पुढच्या तीन आठवड्यांत त्या पडद्याचं काय झालं ते इथे लिहिते, आमच्या चुकांसकट. जुन्या कापडांत हाताचं काम शोधणाऱ्याला पहिला धडा हाच मिळतो, की एकसारखं दिसलं तर मशीनचं, वेडंवाकडं दिसलं तर हाताचं. या प्रकरणात तो धडा सपशेल आपटला. आपटला नसता तर त्या पडद्याच्या आज सहा पिशव्या झाल्या असत्या.

हाती काय होतं

टेबलावर एक लांबट पडदा होता. रंग मळकट मोहरीसारखा, स्पर्श जाड साटीनसारखा. वर दांडा घालायची दुमड, खाली दुमड, मागे दुधी रंगाचं जाड मिलचं अस्तर, चारही बाजूंनी शिवणयंत्राची टीप. खालून वीतभर रुंदीची पट्टी तिनं अस्तरासकट कापून काढली होती आणि तीच कडेनं सुटत होती. पडदा घेण्यामागे तिचं कारण साधं होतं. वजनदार होता, भोक कुठे नव्हतं, पिशवीच्या तळाला असं कापड टिकतं.

पुढच्या बाजूला शंकरपाळ्यासारख्या समभुज चौकटींची दाट रचना होती. एक चौकट गडद पिवळी, शेजारची फिकी पिवळी, मध्ये पांढऱ्या रेघा, कडेला अरुंद पट्ट्यात थोडा जांभळा. चौकटींच्या सांध्यात केसाएवढी तांबडी रेघ दिसायची. ते खालचं कापड.

मी पडदा खिडकीजवळ नेला आणि काटकोनात फिरवला. गडद चौकटी फिक्या झाल्या, फिक्या होत्या त्या गडद. मैत्रीण म्हणाली, "हे काय?" रंग दोन नव्हतेच. एकच पिवळा काही चौकटींत उभा भरलेला होता, काहींत आडवा. पीळ नसलेल्या रेशमावरून उजेड एका दिशेनं सरकतो, म्हणून टाक्याची दिशा बदलली की छटा बदलल्यासारखी वाटते. ही युक्ती मला एकाच ठिकाणची माहीत होती, पंजाबातल्या फुलकारी नावाच्या रेशमी भरतकामाची. आणि जिथे भरतकाम इतकं दाट असतं की खालचं कापड जवळजवळ दिसतच नाही, त्या फुलकारीला तिथे 'बाग' म्हणतात.

मी ते मोठ्यानं बोलले आणि तिथेच अडचण सुरू झाली.

"हाताला इतकं एकसारखं येत नाही"

मैत्रिणीचे काका कापडाच्या कारखान्यात नक्षीच्या विभागात आयुष्यभर काम करून निवृत्त झाले आहेत. त्यांच्या शब्दाला घरात वजन आहे आणि ते योग्यच आहे. त्यांनी भिंग लावलं, पट्टी लावली, दहा चौकटी मोजल्या. दहाही चौकटी एका मापाच्या. "जकार्ड असेल, म्हणजे मागावरच विणलेली नक्षी, नाहीतर मशीनचं भरतकाम," ते म्हणाले. "हाताला इतकं एकसारखं येत नाही, पोरींनो."

खरं सांगायचं तर क्षणभर मलाही ते पटलं. दहा चौकटी, दहाही सारख्या!

पण हाताचं काम वेडंवाकडं होतं ते डोळ्याच्या अंदाजानं भरताना. आधी नक्षी काढून वेल भरली तर एक पान मोठं होतं, एक छोटं. धागे मोजून भरलेलं काम वेगळं. तिथे कापडाची वीणच आलेखाचा कागद असते. उभे सात धागे सोडले, आठवा उचलला. पुन्हा सात सोडले, आठवा उचलला. मोजणारी चुकली नाही तर चौकट एका धाग्याचंही अंतर सोडत नाही. बागेचं भरतकाम असंच होतं, कापडावर काहीही न आखता, मोजून. शिवाय ते होतं उलट बाजूकडून. भरणारीच्या तोंडासमोर कापडाची पाठ असते आणि नक्षी तिच्या मांडीकडे उमलत जाते. (पंजाबच्या आग्नेय भागातली सैंची फुलकारी याला अपवाद. तिच्यात माणसं, जनावरं, दागिने, अगदी आगगाडीही असते आणि त्या आकृत्या आधी काळ्या शाईनं आखून घेतात.)

म्हणजे एकसारखेपणा हा पुरावा कोणाच्याच बाजूनं नव्हता. काकांना मी म्हटलं, "अस्तर काढून पाठ बघू या. मशीनचं निघालं तर पिशव्या शिवायला मी मदत करते."

अस्तर उसवायला पूर्ण संध्याकाळ गेली. घाईनं टीप ओढली असती तर खालचं रेशीम सोबत आलं असतं. म्हणून अस्तराच्या बाजूनं दर तीन-चार टाक्यांनी दोरा कापायचा आणि तुकडे चिमट्यानं उचलायचे. उसवण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढले. काढलेला दोरा आणि अस्तर दोन्ही ठेवून दिले; फेकायची घाई नेमकी इथेच होते, आणि हे अस्तर पुढे उपयोगी पडलं.

पाठ

अस्तर उचललं तेव्हा आधी वाटलं, आत आणखी एक अस्तर आहे. जाडंभरडं तांबडं सुती कापड आणि त्यावर टाचणीच्या टोकाएवढ्या पिवळ्या ठिपक्यांच्या रांगा. पुढे रेशमाचा पूर, पाठीला फक्त ठिपके.

काकांनी भिंग घेतलं. बराच वेळ काही बोलले नाहीत.

बाग ओळखायचा तो इथे. टाका रफूसारखा, म्हणजे धागा वरून लांब जातो आणि खाली कापडाचा एकच धागा उचलून पुन्हा वर येतो. आमच्या कापडात सेंटिमीटरला सोळा धागे होते. टाका सात धाग्यांवरून जाऊन आठवा उचलत होता, म्हणजे एक टाका साधारण अर्ध्या सेंटिमीटरचा. रेशमाचे सात भाग पुढे, एक भाग मागे.

यामागे कलेइतकाच हिशोब आहे. खालचं खद्दर घरी कातलेल्या सुताचं, गावच्या अरुंद हातमागावर विणलेलं; त्यासाठी फारसं काही बाहेरून आणावं लागत नसे. रेशीम मात्र विकतचं. पीळ न दिलेलं हे रेशीम, ज्याला तिथे 'पट' म्हणतात, काश्मीर, बंगाल, अफगाणिस्तान, मध्य आशिया आणि चीन अशा लांबच्या वाटांनी पंजाबात यायचं. विकतचं रेशीम कापडाच्या पाठीला कोण वाया घालवणार? म्हणून सगळं पुढे. पंजाबात सगळीच फुलकारी अशी असते असंही नाही. लग्नात नवरीला आजोळकडून मिळणारं 'चोप' दुहेरी धावदोऱ्यानं भरतात आणि ते दोन्ही बाजूंनी सारखं दिसतं. पण रेशीम वाचवणारा रफूचा टाका हीच मुख्य रीत.

मशीनला ही काटकसर जमत नाही, आणि का जमत नाही हे काकांनीच समजावलं. नेहमीच्या शिवणयंत्राचा टाका दोन दोऱ्यांचा असतो, वरचा सुईतला आणि खालचा बॉबिनचा. १८४६ साली एलियास होवनं आणि १८५१ साली आयझॅक सिंगरनं ज्या यंत्रांची पेटंटं घेतली त्यांचं तत्त्व हेच. स्वित्झर्लंडमधल्या सेंट गालेनच्या परिसरात १८६३ साली आयझाक ग्रोब्लीनं काढलेलं शिफ्ली भरतकामयंत्रही दोन दोऱ्यांवरच चालतं. त्यामुळे मशीनच्या भरतकामाची पाठ पुढच्या बाजूइतकीच भरलेली असते, बहुधा पांढऱ्या बॉबिन-दोऱ्यानं. आज जॉर्जेटवर 'फुलकारी' म्हणून जे मिळतं त्याची पाठ पाहिली की हे लगेच दिसतं.

मग त्यांनी एक फाटा काढला जो मला ठाऊक नव्हता. सिंगरच्याही आधी, १८२८ साली फ्रान्समधल्या मुलूझच्या योसुए हाइलमाननं एक यंत्र केलं होतं. त्यात दोन्ही टोकांना अणकुचीदार आणि मध्ये नेढं असलेल्या सुया कापडातून आरपार जायच्या. दोरा एकच, हाताच्या कामासारखा. "त्याची पाठ तुम्हाला फसवेल," काका म्हणाले. "पण ते यंत्र तीच आकृती एकाच वेळी ओळीनं कितीतरी ठिकाणी भरायचं. चूक झाली तर प्रत्येक आकृतीत तीच, त्याच जागी. म्हणून चूक आहे का हे शोधू नका. चुकीचं आवर्तन होतंय का ते शोधा."

त्या दिवसापासून हा माझा नियम झाला आहे, आणि वेडंवाकडं-एकसारखं या जोडीपेक्षा तो कितीतरी भरवशाचा आहे. आम्ही चुका शोधल्या. तळापासून तिसऱ्या रांगेत एका चौकटीत सातऐवजी आठ धागे सोडलेले होते आणि पुढच्या टाक्यात सहा सोडून भरणारीनं हिशोब जुळवून घेतला होता. ही चूक पुन्हा कुठेही नव्हती. आणखी एका जागी, एका चौकटीतून निघालेला तंतू पाठीवरून वळून शेजारच्या चौकटीत आडवा शिरला होता. मागावर उभा धागा उभाच राहतो, मध्येच वळून आडवा होत नाही. जकार्डही बाद झालं.

काकांनी भिंग खाली ठेवलं आणि मैत्रिणीला म्हणाले, "तू ती पट्टी का कापलीस?" हे मात्र अन्यायाचं होतं, पाठ दिसेपर्यंत पिशव्यांना त्यांचीच परवानगी होती.

कापड स्वतःबद्दल काय सांगत होतं

दोन्ही दुमडी उसवल्या, कापलेली पट्टी शेजारी जुळवून ठेवली आणि पुन्हा मोजलं. मूळ लांबी २ मीटर ३२ सेंटिमीटर. रुंदी ६८ सेंटिमीटर, पण ती सलग नाही. एक पट्टी ४५ सेंटिमीटरची, दोन्हीकडे मागावरचे काठ शाबूत. तिला हातानं जोडलेली दुसरी पट्टी २३ सेंटिमीटरची, तिच्या एका बाजूला काठ आणि दुसऱ्या बाजूला सरळ कात्रीची कड. कात्री चौकटींच्या मधून गेलेली, आणि ही कात्री मैत्रिणीची नव्हे, कधीतरी पूर्वीची.

फुलकारीचं खद्दर अरुंद पन्ह्याचं असतं, म्हणून दोन किंवा तीन पट्ट्या जोडून ओढणी पुरी होते. तीन पट्ट्यांची सव्वाशे-दीडशे सेंटिमीटर रुंद आणि सव्वादोन-अडीच मीटर लांब ओढणी हे ओळखीचं माप. आमच्या तुकड्यात दीड पट्टी होती. म्हणजे कुणीतरी तीन पट्ट्यांची आख्खी ओढणी बरोबर मधून उभी चिरून पडद्यांची जोडी केली होती. जोडातली नक्षी दोन-तीन धाग्यांनी सरकलेली होती, त्यावरून पट्ट्या आधी सुट्या भरून मग जोडल्या असाव्यात.

सेंटिमीटरला दोन टाके, दर दोन धाग्यांवर एक ओळ, म्हणजे एका चौरस सेंटिमीटरमध्ये सोळा टाके. या हिशोबानं आमच्या तुकड्यात अडीच लाख आणि आख्ख्या ओढणीत पाच लाखांच्या घरात टाके होतात. हा आकडा मी मैत्रिणीला सांगितला नसता तर बरं झालं असतं. पुढचे दोन दिवस ती कात्रीकडे बघत नव्हती.

वरची दुमड उलगडली तेव्हा आतला रंग दिसला. मोहरी नव्हे, झळझळीत सोनेरी. आणि आता पडद्याच्या अंगावरचे उभे पट्टेही कळले, एक विटका, एक बरा, पुन्हा एक विटका. पडदा चुण्या पडून लटकत होता. चुणीचा जो भाग उन्हाकडे होता तो विटला, जो खोबणीत होता तो वाचला. त्याला किती वर्षं ऊन लागलं हे सांगता येत नाही, पण खिडकीवरच होता यात शंका उरली नाही.

वय : इथे आम्ही घसरलो

विकणाऱ्यानं मैत्रिणीला पडदा घेताना सांगितलं होतं, "शंभर वर्षांचा माल आहे ताई." तो हे प्लास्टिकच्या बादलीबद्दलही सांगतो. पण पाठ बघितल्यावर आम्हीही त्याच सुरात बोलायला लागलो, आणि मी एक पायरी पुढे जाऊन म्हटलं, "तांबडा रंग मंजिष्ठेचा आहे." ही घसरण. मंजिष्ठेच्या कुळातल्या मुळ्यांचा तांबडा रंग ज्या द्रव्यांमुळे येतो त्यातलं मुख्य द्रव्य अलिझरिन १८६८ साली ग्रेबे आणि लिबरमान यांनी प्रयोगशाळेत बनवलं आणि पुढच्या दशकात ते बाजारात आलं. मुळीतला आणि कारखान्यातला तांबडा नुसत्या नजरेनं वेगळा काढणं शक्य नाही. मला ते माहीत होतं, तरी तोंडातून निघून गेलं. सापडलेल्या वस्तूच्या प्रेमात पडलं की असं होतं.

पुढची घसरण जांभळ्यानं टाळली. कापलेल्या पट्टीवर, म्हणजे ज्याचं नुकसान होऊनच गेलं होतं त्या भागावर, आम्ही प्रत्येक रंगाची चाचणी घेतली. कापसाचा ओला बोळा रंगावर हलकेच दाबायचा, मिनिटभरानं बघायचा. पिवळा सुटला नाही. तांबडा नाही. जांभळ्यानं बोळा लगेच जांभळा केला. इतका उधळा, पाण्यात असा पळणारा जांभळा हा बहुधा ॲनिलिन या कृत्रिम रंगांच्या घराण्यातला, आणि ते घराणं सुरू झालं १८५६ साली, लंडनमध्ये अठरा वर्षांच्या विल्यम पर्किनला क्विनीन बनवता बनवता चुकून मॉव्ह हा जांभळा रंग मिळाला तेव्हा. म्हणजे ओढणी त्यानंतरची.

तंतू रेशमाचाच का, याची खात्री एका सुट्या तंतूवर केली. चिमट्यात धरून ज्योतीजवळ नेला. जळक्या केसांचा वास आला, काळा मणी झाला आणि बोटांत चुरा झाला. कृत्रिम रेशीम म्हणजे रेयॉन असतं तर जळक्या कागदाचा वास आला असता, पॉलिएस्टरचा मणी टणक राहिला असता. उत्तरकाळातल्या फुलकाऱ्यांत रेयॉन भेटतं, म्हणून हे तपासणं भाग होतं.

आणि अस्तर? नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली अंधारात धरलं तर अस्तर आणि त्याची टीप निळसर पांढरी चमकली. खद्दर आणि रेशीम मंद राहिले. कापडाला आणि धुण्याच्या पावडरीत चमक आणणारी द्रव्यं घालायची पद्धत २०व्या शतकाच्या मध्यापासूनची. म्हणजे ओढणी एका काळातली आणि पडदा दुसऱ्या, बऱ्याच पुढच्या काळातला, निदान हे अस्तर तरी. हे कळणं महत्त्वाचं होतं, कारण फुलकारीचे पडदे हा प्रकार जुनाच आहे. १९व्या शतकाच्या अखेरीस युरोपीय गिऱ्हाइकांसाठी पडदे, टेबलपोस म्हणून फुलकारी विकली जात होती. फ्लोरा ॲनी स्टील यांनी पंजाबच्या फुलकारीवर 'जर्नल ऑफ इंडियन आर्ट'मध्ये लेख लिहिला तो १८८८ साली, याच काळात. आमचा तुकडा मात्र त्या बाजारासाठी केलेला वाटत नाही. विक्रीच्या कामात टाके लांब आणि घाईचे होत गेले. इथे टाका आखूड आहे आणि माप ओढणीचं. नक्षीची तुलना करायला आम्ही लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातल्या फुलकाऱ्यांची छायाचित्रं पाहिली. फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयात २०१७ साली फक्त फुलकारीचं प्रदर्शन झालं होतं, त्यातलीही. सगळं धरून आमचा अंदाज १९व्या शतकाची अखेर ते २०व्याची पहिली काही दशकं. याहून नेमकं वर्ष कुणी सांगितलं तर मी त्याच्या बादलीकडे बघेन.

एका कोपऱ्यात एकच चौकट हिरवी होती. फुलकारीत दृष्ट लागू नये म्हणून मुद्दाम एखादी बुटी वेगळ्या रंगाची ठेवतात, तिला 'नजर बुटी' म्हणतात. ही हिरवी ती असू शकते. कोपऱ्यात, एकटी, नीट भरलेली. पण मधल्या पट्टीत पिवळाही एका जागी अचानक बदलतो, आणि त्यात दृष्टीचा काही संबंध नाही. रेशमाची लडी संपली, नवी आणली, ती त्याच रंगाची निघाली नाही. प्रत्येक फरकाला गोष्ट चिकटवायचा मोह होतो. काही फरक नुसते फरक असतात.

धुवायचं की नाही

मैत्रिणीचा आग्रह धुवायचा. धूळ एवढी की हात काळे व्हायचे. जांभळा बोळा बघून तिनंच विचार सोडला; पडदा पाण्यात गेला असता तर जांभळा सगळ्या सोनेरीत उतरला असता. त्याऐवजी वर नायलॉनची जाळी अंथरून व्हॅक्यूम क्लीनर कमीत कमी ओढीवर, पुढून एकदा आणि मागून एकदा. जाळीमुळे सुटा तंतू नळीत जात नाही. एवढ्यानं मोहरी बरीच पिवळ्याकडे आली.

कसर लागल्याची खूण आमच्या तुकड्यावर नव्हती, पण ढिगातून आलेल्या कापडावर विश्वास ठेवू नये. स्वच्छ सुती कापडात गुंडाळून, हवा काढलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून घरच्या फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवलं. बाहेर काढल्यावर पिशवी तशीच बंद, चोवीस तास. लगेच उघडली तर गार रेशमावर दव धरतं. मैत्रिणीच्या घरच्यांनी दोन आठवडे बर्फाचा ट्रे शेजाऱ्यांकडे ठेवला, हे इथे नोंदवायलाच हवं.

कापलेली पट्टी पुन्हा शिवून जोडायची नाही हे मी ठरवलं. नव्या सुईची भोकं, नव्या दोऱ्याचा ताण, आणि शेवटी दिसणार शिवणच. सुटणाऱ्या कडांवर बारीक रेशमी जाळी हलक्या टाक्यांनी बसवली, तेही खद्दरमध्ये, भरतकामात नाही. मैत्रिणीला भिंतीवर टांगायचं होतं. त्यावर आमचा चांगलाच वाद झाला. जुन्या कापडांसाठी संग्रहालयं साधारण ५० लक्सपर्यंतच उजेड ठेवतात, म्हणजे घरातली दिव्याखालची संध्याकाळही जास्त. "मग बघायचं कधी?" तिचं म्हणणं. ठरलं असं की जाड नळीवर आम्लरहित कागद गुंडाळायचा, त्यावर भरतकामाची बाजू बाहेर ठेवून कापड गुंडाळायचं आणि वरून धुतलेलं मलमल. बघायचं तेव्हा उलगडायचं. तिला हे अजूनही फारसं मान्य नाही.

मधल्या काळात तिच्या परदेशातल्या बहिणीनं मागणी केली, "मला पाठव ना." भारतात १९७२ च्या पुरावशेष आणि कलानिधी कायद्यानुसार शंभर किंवा अधिक वर्षं जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावशेष ठरते आणि ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. वयाबद्दल शंका असेल तर ती वस्तू पुरावशेष नाही असं प्रमाणपत्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून घ्यावं लागतं. आमचा अंदाज शंभरच्या दोन्ही बाजूंना पडत होता. बहिणीला फोटो पाठवले.

दुसरा अर्धा

अस्तर उसवताना मैत्रीण म्हणाली होती, "असा आणखी एक होता. त्याला कसर लागली होती, म्हणून घेतला नाही." तेव्हा मी पुढचं ऐकलंच नाही. मापं झाल्यावर, दीड पट्टीचा अर्थ लागल्यावर ते वाक्य आठवलं आणि आम्ही दोघी त्याच दिवशी परत गेलो. पडदा गेला होता.

"दोन्ही जोडीनं का नाही ठेवलेत?" मी विचारलं. विकणारा हसला. "ताई, जुन्या पडद्याची जोडी कोण मागतं? एकेकच जातो. तो सामान बांधायला नेला कुणीतरी." त्याला मी पाठ कशी बघायची ते दाखवलं, आमच्या तुकड्याचा फोटो दाखवला, असं काही आलं तर अस्तर न काढता बाजूला ठेवा म्हटलं. आपल्याला सापडलेली गोष्ट विकणाऱ्यापासून लपवायची, हा या छंदातला अलिखित शहाणपणा मला कधीच पटला नाही. त्याला कळलं तर पुढच्या वेळी तो जास्त मागेल, हे खरं. पण न कळलं तर तो ती सामान बांधायला देईल. त्यानं फोटो नीट बघितला आणि विचारलं, "हे हाताचं? एवढं सारखं?"

नळीला आता एक चिठ्ठी बांधली आहे. मापं, चाचण्या, काय केलं आणि काय मुद्दाम केलं नाही ते तिच्यावर आहे. शेवटची नोंद दुसऱ्या अर्ध्यासाठी. मधल्या पट्टीत, ओढणीच्या तळापासून १ मीटर ४ सेंटिमीटरवर पिवळा बदलतो. खालचा किंचित तांबूस, वरचा लिंबाकडे झुकणारा. बदल एका चौकटीच्या मधोमध आहे आणि थेट जुन्या कात्रीच्या कडेपर्यंत जातो, त्यामुळे त्याच चौकटीचा उरलेला भाग दुसऱ्या पडद्यावर, त्याच उंचीवर, असाच दोन पिवळ्यांत असणार. पुढून तो उन्हानं पुसला असेल. अस्तराखाली दिसेल.